मॅडम, तुम्ही काहीच सांगत नाही. मग आठशे रुपये कशाचे?

सांजवात | सोमवार, रात्री ९:४२

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते. आज लिहायला बसले, कारण गेल्या आठवड्यात एका बाईंनी मला शीर्षकातला प्रश्न तोंडावर विचारला आणि तो डोक्यातून जात नाहीये.

मी सांगलीत समुपदेशन करते, हे अकरावं वर्ष. फिजिओथेरपीवाल्यांच्या मागची एक खोली. दोन खुर्च्या थोड्या तिरक्या (अगदी समोरासमोर ठेवल्या की नोकरीच्या मुलाखतीला बसवल्यासारखं होतं), घड्याळ त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे मला दिसतं, त्यांना नाही. बाई तिसऱ्यांदा आल्या होत्या. (तपशील सगळे बदललेत, कोण ते शोधायला जाऊ नका.) सुनेशी बोलणं बंद, मुलगा मधल्या मधे चेपलेला. त्या बोलत होत्या, मी ऐकत होते. मध्येच म्हटलं, "म्हणजे घर तुमचंच, पण त्यात पाहुण्यासारखं वावरताय?" तर पदर सारखा करून ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही काहीच सांगत नाही. मग आठशे रुपये कशाचे?"

मी म्हटलं, "इतक्या लांब येऊन हातात काही पडत नाही, असं वाटतंय."

"बघा! परत माझंच मला सांगताय."

ही "परत माझंच मला" सांगायची खोड ज्या माणसाकडून आमच्या धंद्यात आली, त्याच्याबद्दल लिहिते. कार्ल रॉजर्स, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्यांनी त्याच्या, समुपदेशकाने पाळायच्या, तीन अटी पाठ केल्या असतील आणि पेपर झाल्यावर सोडून दिल्या असतील. मीही त्यातलीच.

जन्म १९०२, शिकागोजवळचं ओक पार्क. घर कडक धार्मिक. पत्ते नाहीत, नाटक नाही, नाच नाही, दारूचं तर नावच नको. पहिल्यांदा सोड्याची बाटली प्यायला तेव्हाही काहीतरी वाईट केल्यासारखं वाटलं होतं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. (चोरून अंडं खाल्लेल्या आपल्याकडच्या पिढीला हे लगेच कळेल.) १२ वर्षांचा असताना वडिलांनी शेत घेतलं आणि बिऱ्हाड तिकडे हललं. पोरगं एकलकोंडं. रात्री उडणारे पतंग जमवायचं, जनावरांच्या खाद्यावरचे ठोकळे वाचायचं. विस्कॉन्सिनला कॉलेजात गेला तो शेतकी शिकायला. मग पाद्री व्हायचं ठरलं. १९२२ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदेसाठी चीनला गेला, सहा महिने घरापासून लांब राहिला, आणि परतीच्या बोटीत पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं की येशू हा देव नसून आपल्यासारखा माणूसच असावा. घरच्या श्रद्धेची गाठ तिथे सुटली. न्यूयॉर्कच्या धर्मशास्त्राच्या विद्यालयात दोन वर्षं काढली आणि अक्षरशः रस्ता ओलांडून पलीकडच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्र शिकायला गेला.

हे सगळं सांगितलं ते चरित्र म्हणून नाही. ज्या घरात "बरोबर काय" हे आधीच ठरलेलं असतं त्या घरातून हा माणूस आला होता. आणि पुढे त्याने उभं आयुष्य कुणाला "बरोबर काय" ते न सांगण्यात घालवलं. यात मला तरी योगायोग दिसत नाही.

१९२८ पासून बारा वर्षं तो रोचेस्टर शहरात, मुलांचा छळ रोखणाऱ्या एका संस्थेत होता. कोर्टाने धाडलेली, शाळेने धाडलेली, कुणालाच नको असलेली मुलं. तिथे एका वांड मुलाची आई यायची. तिने त्या पोराला लहानपणापासून झिडकारलंय आणि दुखणं तिथेच आहे, हे रॉजर्सला स्वच्छ दिसत होतं. तिच्याच बोलण्यातले दाखले देत, आवाज न चढवता तो तिला ते समजावत राहिला. ढिम्म. शेवटी त्याने हात टेकले: आपण दोघांनी प्रयत्न केला, जमलं नाही, थांबू या. ती हो म्हणाली, निरोप घेतला, दारापर्यंत गेली. आणि वळून विचारलं, इथे मोठ्या माणसांनाही घेता का? तो हो म्हणाला. ती परत खुर्चीत येऊन बसली आणि नवऱ्याबद्दल, संसाराबद्दल, आपण हरलोय त्याबद्दल बोलायला लागली. आधी सांगितलेल्या कोरड्या "हिस्टरी"त यातलं काही नव्हतं. खरं काम तिथून सुरू झालं, आणि पुढे मुलगाही सुधारला.

मी दर वेळी "दारापर्यंत गेली" इथे अडखळते. आमच्याकडेही खरी गोष्ट दाराशीच निघते. पन्नास मिनिटं सून, आणि चपला घालताना, "ह्यांचं ऑपरेशन ठरलंय, घरात अजून कुणाला सांगितलं नाही."

रॉजर्सने त्यातून काढलं ते एवढंच: कुठे दुखतंय, कुठल्या वाटेने जायचं, हे समोरच्याला ठाऊक असतं. आपल्याला हुशारी दाखवायची खाज नसेल तर त्याच्या मागून चालावं. करुणा म्हटलं की लोकांना मऊ आवाज आणि पाठीवरचा हात आठवतो. मला वाटतं त्याच्या करुणेत जिभेवर आलेला हुशार शब्द गिळणं जास्त होतं. अकरा वर्षांनीही मला ते जड जातं.

तुमचे अनुभव लिहा. आणि आठशे रुपयांचं उत्तरही सुचवा. बाई गुरुवारी परत येणार आहेत.

गणपुले_काका | सोमवार, रात्री १०:१५

लेख आवडला. पण खरं सांगू का, पूर्वी हे सगळं घरातच होत असे. आजीच्या पायाशी बसलं की मन हलकं व्हायचं. ऐकायला पैसे मोजून माणूस लावायचा, हे आमच्या पिढीला जरा विचित्रच वाटतं. राग नसावा.

तिखटजाळ | सोमवार, रात्री १०:२१

काका, आजीच्या पायाशी बसून "मला जगावंसं वाटत नाही" असं कुणी म्हणालेलं आठवतं का? आमची आजी दुसऱ्या दिवशी नळावर अख्ख्या वाड्याला सांगायची.

कोकणी_मेवा | सोमवार, रात्री ११:०३

एक भाषिक शंका. तुम्ही सगळीकडे "बाई" म्हणून वेळ मारून नेलीत, पण "क्लायंट"ला मराठीत म्हणायचं काय? अशील वकिलाचा, गिऱ्हाईक वाण्याचं, रुग्ण डॉक्टरचा, यजमान भटजींचा. तुमचं कोण?

सांजवात | सोमवार, रात्री ११:३०

कोकणी_मेवा, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत! "पेशंट"ऐवजी "क्लायंट" हा शब्द या क्षेत्रात रुजवला तोही रॉजर्सनेच. १९५१ च्या पुस्तकाच्या नावातच तो आहे. समोरचा आजारी, आपण बरे करणारे, ही उतरंड त्याला नको होती. मराठी पुस्तकांत "सल्लार्थी" वाचलाय. पण ज्याच्याकडे सल्लाच मिळत नाही त्याच्याकडे येणारा सल्लार्थी कसा?

कोकणी_मेवा | सोमवार, रात्री ११:३४

म्हणजे आठशे रुपयेवाल्या बाईंचा मुद्दा शब्दकोशालाही मान्य आहे :)

रानवेडा | मंगळवार, सकाळी ८:१०

थोडा विरोधी सूर लावतो. मी आठ महिने विवेकनिष्ठ पद्धतीने उपचार घेतले. अल्बर्ट एलिसची पद्धत, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली, डॉ. आनंद नाडकर्णींच्या लेखनातून आणि भाषणांतून घरोघरी पोचली. माझ्या थेरपिस्टने पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दाखवलं: घटना ही, तिच्याबद्दलची तुमची समजूत ही, आणि त्रास होतो तो समजुतीमुळे. "प्रमोशन मिळालंच पाहिजे" यातला "च" खोडून दाखवला. गृहपाठ दिला. मला हातात काहीतरी हवं होतं, ते मिळालं.

१९६४ साली एकाच स्त्रीच्या, तीन थेरपिस्टांनी घेतलेल्या, तीन मुलाखती चित्रित झाल्या होत्या, एक रॉजर्स, एक फ्रिट्झ पर्ल्स, एक एलिस. ती "ग्लोरिया" म्हणून ओळखली जाते. रॉजर्सची अर्ध्या तासाची मुलाखत बघा. ती बिचारी परोपरीने विचारते की मुलीला खरं सांगू की नको, आणि हा गृहस्थ गोड हसून ते तिच्याच ओटीत परत घालतो. मला तर टीव्हीत हात घालून त्याला हलवावंसं वाटलं.

आपल्याकडे माणूस येतो तो "डॉक्टर, तुम्हीच सांगा" म्हणत. त्याला सांगणं हीही करुणाच की.

सांजवात | मंगळवार, दुपारी २:०५

रानवेडा, मुद्दा रास्त आहे आणि मी तुमच्याशी अर्धी सहमत आहे. मीही गृहपाठ देते. निव्वळ रॉजर्सवर माझंही दुकान चालत नाही.

पण त्या मुलाखतीचा शेवट आठवतोय? ग्लोरिया म्हणते की तुम्ही माझे वडील असता तर बरं झालं असतं. खुर्चीत बसलेला कुठलाही "तज्ज्ञ" तिथे वडिलांशी असलेल्या नात्याचं विश्लेषण सुरू करेल. रॉजर्स साधं म्हणतो की मला तुम्ही छान मुलगी वाटता. यावरून पुढे पुष्कळ वाद झाला, त्याने खोलात जायची संधी घालवली वगैरे. मला ते वाक्य आवडतं. तो तिथे तंत्र बाजूला ठेवून माणूस म्हणून बोलला. त्याची पहिली अट हीच होती: आत एक आणि बाहेर एक असं असू नये. दुसरी, बिनशर्त स्वीकार. तिसरी, समानुभूती, म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन त्याच्या नजरेने बघणं. (सहानुभूती नव्हे. सहानुभूतीत आपण काठावरून "अरेरे" म्हणतो.) हे त्याने १९५७ च्या लेखात नीट मांडलं.

बाराखडी | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

अवांतर, पण फार अवांतर नाही. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउमने एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात रॉजर्सच्या पद्धतीची नक्कल होती: तुम्ही टाइप केलेलं वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत करायचं. हीच पद्धत निवडली, कारण तिच्यात मशीनला जगाबद्दल काही माहीत असावं लागत नाही! गंमत पुढे आहे. त्याच्या सेक्रेटरीने हा प्रोग्रॅम तयार होताना पाहिलेला, आत काय आहे हे तिला ठाऊक. तरी दोनचार वाक्यं झाल्यावर तिने त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबाउम इतका हादरला की पुढे याच गोष्टीच्या विरोधात लिहीत राहिला.

म्हणजे "माझंच मला सांगणं" आठशे रुपयांशिवाय ६० वर्षांपूर्वीच होत होतं. आता तर फोनवर फुकट आहे. यावर मॅडम काय म्हणतात?

निनावी_१ | मंगळवार, रात्री ११:५८

बाराखडी, मी सांगते.

मिस्टर गेले त्याला चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी एकांकडे गेले होते. त्यांनी दहाव्या मिनिटाला सांगितलं की तुम्ही पॉझिटिव्ह राहायला हवं, मुलांकडे बघा, योगासनं करा, कशात तरी मन गुंतवा. सगळं बरोबरच होतं. घरी आले आणि जिन्यातच बसून राहिले, वर जायला नको वाटलं.

वर्षभराने दुसऱ्या एका ताईंकडे गेले. माझ्या हातात एसटीचं तिकीट होतं, मी त्याची घडी घालत होते. अर्धी, पाव, मग इतकी बारीक की पुढे घडी होईना. त्या काही बोलल्या नाहीत. किती वेळ गेला माहीत नाही. मग म्हणाल्या, "यापुढे घडी होत नाही." बस. मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा मोठ्याने रडले. अंत्यविधीलाही अशी रडले नव्हते, कारण सासूबाईंना सांभाळायचं होतं.

ते मशीनला दिसलं असतं का, मला माहीत नाही. मी तिकिटाबद्दल काहीच टाइप केलं नसतं.

तिखटजाळ | बुधवार, सकाळी ७:१५

निनावी_१, ❤️

मंचरकर | बुधवार, सकाळी ९:२२

रॉजर्सचे बटाटे कुणीच कसे आणले नाहीत? आमचं गावच बटाट्याचं म्हणून लक्षात राहिलं. लहानपणी त्यांच्या तळघरात हिवाळ्यासाठी बटाटे ठेवलेले असायचे, खिडकी एकच, तीही वर. त्या अंधारात बटाट्यांना पांढरे फिकट कोंब फुटायचे आणि दोनतीन फूट लांब होत उजेडाकडे सरकायचे. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं पडलेल्या माणसांकडे पाहताना त्याला हेच कोंब आठवायचे. वेडेवाकडे, पण उजेडाकडेच जायची धडपड.

शेतकरी म्हणून एक दुरुस्ती. अरणीत (बटाट्याच्या अंधाऱ्या साठवणीत) असे लांबुळके कोंब आलेला बटाटा बियाण्याला चालत नाही, हात लावला की कोंब मोडतात. बियाणं पसरट ठेवून थोडा उजेड दाखवावा लागतो, मग कोंब आखूड, जाड, हिरवट येतात. म्हणजे धडपड बटाट्याची असली तरी उजेड कुणीतरी आधीच दाखवायला हवा. थेरपीत हे कसं बसतं ते तुम्ही बघा.

सांजवात | बुधवार, दुपारी १:४८

मंचरकर, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे, तुमच्या नावावर. रॉजर्सने शेतकी अर्धवट सोडली त्याचा परिणाम!

बाराखडी, एलायझा हे त्याच्या पद्धतीचं व्यंगचित्र आहे, आणि व्यंगचित्रात तथ्य असतंच. त्याच्या हयातीतच लोक वाक्य पोपटासारखं परतवायला लागले, तेव्हा तो स्वतः वैतागला होता. खरं तर बंद दाराआडचं संभाषण उघड्यावर आणणाऱ्या पहिल्या काहींतला तो. ओहायोत असताना, १९४० च्या सुमाराला, तबकड्यांवर मुद्रण करायचे. एका बाजूवर तीनेक मिनिटं मावत, म्हणून दोन यंत्रं आलटून पालटून चालवायची, आणि कुणीतरी सारखं तबकडी बदलत बसायचं. मग स्वतःचंच बोलणं ऐकायचं: इथे मी घाई केली, इथे तिचं वाक्य तोडलं. मीही (परवानगी घेऊन) माझं एक सेशन असं ऐकलं होतं. पन्नास मिनिटांत मी एकवीस वेळा "बरोबर" म्हटलं होतं. कुणाचं बरोबर, कशाचं बरोबर, देव जाणे.

आणि त्याला संत करू नका. १९४९ च्या सुमाराला शिकागोत एका अतिशय गंभीर अवस्थेतल्या बाईंबरोबर काम करताना तो इतका खोल ओढला गेला की स्वतःच ढासळायला आला. त्यांना एका सहकाऱ्याकडे सोपवून, बायकोला घेऊन दोनेक महिने गाव सोडून निघून गेला. परत आल्यावर स्वतःच्याच हाताखाली तयार झालेल्या एका थेरपिस्टकडे क्लायंट म्हणून बसला. बिनशर्त स्वीकार जगाला शिकवणाऱ्याला तोवर स्वतःबद्दल मात्र तसं वाटत नव्हतं. आमच्यात सुपरव्हिजन (आपलं काम दुसऱ्या अनुभवी थेरपिस्टकडून तपासून घेणं), स्वतःची थेरपी यावर आग्रह असतो तो याचसाठी.

स्वरा_लीड्स | बुधवार, संध्याकाळी ७:३०

इकडे इंग्लंडमध्ये सरकारी सेवेत बहुतेकांना एलिस-बेक घराण्यातली (रानवेडांनी घेतली तशी, समजुती तपासणारी) थेरपी मिळते, पण नैराश्यासाठी रॉजर्स परंपरेतलं समुपदेशनही देतात. दोन्हींची समोरासमोर तुलना शेफील्डला झाली, ५१० लोकांवर, निकाल २०२१ मध्ये आले. सहा महिन्यांनी दोन्ही तोडीस तोड. वर्षाने मात्र एलिस-बेक घराण्याचं पारडं थोडं जड दिसलं. म्हणजे रानवेडा आणि सांजवात, दोघांनीही अर्धा अर्धा लाडू घ्या.

मास्तर_धुळे | बुधवार, रात्री ९:०५

मी शाळेत शिकवतो, यातला तज्ज्ञ नाही. दोन व्यवहाराच्या गोष्टी. आपल्याकडे "समुपदेशक" अशी पाटी कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती विचारावी, लाजू नये. गोळ्या देणारा मानसोपचारतज्ज्ञ वेगळा, तो एमबीबीएसनंतर शिकलेला डॉक्टर. गरज दोघांचीही लागू शकते. आणि आठशे रुपये नसतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या शाळेच्या सूचनाफलकावर मी लावलाय. पहिल्या आठवड्यात पोरांनी त्यावर मिशा काढल्या. दुसऱ्या आठवड्यात खालचा कोपरा कुणीतरी नंबरासकट फाडून नेला. मी नवीन लावला.

गणपुले_काका | बुधवार, रात्री १०:४०

सगळं वाचलं. निनावी_१ यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमची हिला जाऊन सात महिने झाले. मुलगा रोज फोनवर विचारतो, "बाबा, जेवलात का?" मी सांगतो, जेवलो. एवढंच लिहायचं होतं.

निनावी_१ | बुधवार, रात्री १०:५२

काका, आणि जेवता का?

गणपुले_काका | बुधवार, रात्री ११:२०

दुपारी जेवतो. रात्री दोन पानं मांडायची सवय आहे, म्हणून मांडतच नाही.

सांजवात | गुरुवार, रात्री ८:१५

काका, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. सवडीने बघा, घाई नाही.

बाकी मंडळींना वृत्तांत हवा असेल. बाई आज आल्या. आल्या आल्या शंभराच्या आठ नोटा टेबलावर मोजून ठेवल्या आणि म्हणाल्या, "आधीच घ्या, नाहीतर शेवटी परत तोच विषय निघेल." मी पाठ करून ठेवलेलं उत्तर (रॉजर्स, समानुभूती, बटाटे, सगळं) विसरले. म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला लाज वाटली होती." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, चिडलात." पुढचं लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

कोकणी_मेवा | गुरुवार, रात्री ८:३१

फक्त एकच सांगा. जाताना दाराशी थांबल्या का?

सांजवात | गुरुवार, रात्री ८:३३

थांबल्या. पुढचे साडेचारवाले बाहेर दहा मिनिटं ताटकळले.